लॉकअपच्या दारातला बाहेरचा माणूस : शीला बर्से प्रकरण, १९८३

११ ते १७ मे १९८२ या दिवसांत पत्रकार शीला बर्से मुंबई मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आर्थर रोड जेलमध्ये, पंधरा कैदी स्त्रियांना भेटल्या. कारागृह महानिरीक्षकांची रीतसर परवानगी होती. पंधरापैकी पाच जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये आपल्याला मारहाण झाली. बर्सेंनी हे पत्रात लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे धाडलं. न्यायालयाने पत्रालाच रिट याचिका मानलं आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. पी. एन. भगवती, न्या. आर. एस. पाठक आणि न्या. अमरेंद्रनाथ सेन यांच्या पीठाने निकाल दिला. ‘शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण ‘कोठडीतल्या स्त्रियांचे हक्क’ या मथळ्याखाली शिकवतात. ते बरोबरच आहे, पण त्यातली अर्धी गोष्ट मागे राहते. हे प्रकरण मोफत कायदे मदतीचंही आहे. सरकारकडे काय मागितलं, सरकारने काय कबूल केलं, त्यातलं पुढे संसदेच्या कायद्यात काय उतरलं आणि वाटेत काय गळालं, हे चाळीस वर्षांच्या अंतरावरून नीट दिसतं. गळालं ते एकाच जातीचं आहे. पोलिसांनी पोलीस ठाण्यात स्वतः करायच्या गोष्टी बऱ्याचशा कायद्यात आल्या. रात्री-बेरात्री ठाण्यात बाहेरचा माणूस आणणाऱ्या गोष्टी मात्र परिपत्रकात, योजनेत किंवा न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिल्या.

आधीची दहा वर्षं

पत्र पोहोचलं तेव्हा जमीन नांगरलेली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदे मदत देणं हे राज्याचं कर्तव्य ठरलं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत होतं, म्हणजे त्याच्या जोरावर कुणाला थेट कोर्टात जाता येत नव्हतं. ऑगस्ट १९७८ मध्ये ‘हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते अनुच्छेद २१ ला, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला, जोडून घेतलं. त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हातात वेळेवर पडलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात यायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला आणि तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत फुकट द्या, अपिलाला वकील द्या, असं न्यायालयाने सांगितलं. पाठोपाठ १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनआरा खातून प्रकरण आलं.

महाराष्ट्रात आणखी एक जखम ओली होती. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. हेच मथुरा प्रकरण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ च्या अखेरीस फौजदारी कायद्यात कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. खुल्या पत्राचा रोख शेवटी संसदेकडे वळला. बर्सेंच्या पत्राने न्यायालयामार्फत राज्य सरकारलाच टेबलावर बसवलं. दोन्ही वाटा एकाच काळातल्या, आणि दोन्हींची सुरुवात महाराष्ट्रातल्या पोलीस कोठडीत झालेली.

कुणीही हजर नसताना

नोटीस गेल्यावर न्यायालयाने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. पोलिसांकडून अहवाल मागवून त्यावर विसंबून राहणं सोपं होतं. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांच्यावर काम सोपवलं : तुरुंगात जा, स्त्रियांशी बोला, आणि बोलताना तिथे दुसरं कुणीही हजर असता कामा नये.

शेवटची अट महत्त्वाची. जेलरच्या टेबलासमोर उभी केलेली बाई काय सांगणार? ‘काही त्रास नाही’ हेच. डॉ. देसाईंचा अहवाल आला तो तुरुंगातल्या स्त्रियांच्या एकूण परिस्थितीचा दस्तऐवज ठरला आणि न्यायालयाने निकालपत्रात त्याची मोकळेपणाने दखल घेतली. लॉकअपमधल्या मारहाणीचा शोध घ्यायला गेलेल्या अहवालातून आणखी एक गोष्ट वर आली : या स्त्रियांना वकीलच नव्हता, आणि काहींना होता तो नसता तर बरं झालं असतं. दोन परदेशी कैदी स्त्रियांनी सांगितलं की त्यांच्या वकिलाने फीच्या नावाखाली त्यांचं सामान आणि दागिने लाटले. वकिली व्यवसायाच्या इभ्रतीबद्दल न्यायालयाने तिथे कडक शब्द वापरले आहेत.

न्यायालयाने इथे मूळ पत्राच्या पलीकडे पाऊल टाकलं. गरीब आरोपीला कायदे मदत देणं ही केवळ अनुच्छेद ३९-अ ची शिफारस नाही, अनुच्छेद १४ आणि २१ चीही ती मागणी आहे, असं म्हणून निकालाचा पहिला भाग पूर्ण कायदे मदतीला दिला. कारागृह महानिरीक्षकांनी राज्यातल्या सगळ्या तुरुंग अधीक्षकांना परिपत्रक काढावं; कच्च्या कैद्यांची यादी, कधी आत आले आणि कोणत्या गुन्ह्यात, अशा तपशिलासह जिल्ह्याच्या कायदे मदत समितीकडे जावी; स्त्री आणि पुरुष कैद्यांच्या याद्या वेगळ्या असाव्यात; समितीने नेमलेल्या वकिलांना आत सोडावं; ते कोणत्या दिवशी येणार याच्या पाट्या तुरुंगात ठळक जागी लावाव्यात; आणि कैदी वकिलाशी बोलेल तेव्हा तुरुंगाचा माणूस नजरेच्या टप्प्यात असला तरी ऐकू येण्याच्या टप्प्यात नसावा. वकिलांनी पंधरवड्यातून एकदा तरी तुरुंगात जावं, आणि दर भेटीला २५ रुपये मानधन आणि रास्त प्रवासखर्च घ्यावा, हेही निकालात आहे.

२५ रुपयांवर हसायला येईल. मला उलट ती ओळ आवडते. हक्काची व्याख्या लिहिता लिहिता न्यायमूर्ती प्रवासखर्चावर आले, कारण पैसे कोण देणार हे लिहिलं नाही की काम होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सरकारने काय मान्य केलं

दुसरा भाग लॉकअपचा. तो सुनावणीत झालेल्या चर्चेतून घडलेला आहे आणि तसं निकालातच म्हटलं आहे. राज्य सरकार या सुनावणीत निव्वळ प्रतिवादी म्हणून वागलं नाही. स्त्री आरोपींना ठेवायला चार-पाच लॉकअप बऱ्या वस्तीत निवडावेत आणि तिथे पहाऱ्याला स्त्री शिपाईच असाव्यात, या सूचनेवर सरकारने सांगितलं की अशा तीन कोठड्या आहेतच, आणखी दोन करतो. ज्याला आज ‘धोरणात्मक पाठपुरावा’ म्हणतात तो हाच. समोरच्याला एका बैठकीत ‘हो’ म्हणता येईल, इतकी मोजकी आणि मोजता येणारी मागणी.

बाकीचे निर्देश असे होते. स्त्रीची चौकशी स्त्री पोलीस हजर असतानाच. वॉरंटशिवाय अटक झाली तर अटकेची कारणं आणि जामिनाचा हक्क लगेच सांगायचा. त्यासाठी राज्याच्या कायदे मदत मंडळाने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पत्रक तयार करायचं, ते प्रत्येक कोठडीत डकवायचं, आणि ठाण्यात आणल्याबरोबर आरोपीला कळेल त्या भाषेत वाचूनही दाखवायचं. वाचून दाखवायचं, कारण भिंतीवरचं पत्रक वाचता न येणारी माणसंच जास्त आत येतात. अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. मॅजिस्ट्रेटने आरोपी समोर आल्यावर विचारायचं की पोलिसांनी मारलं का, छळ झाला का, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली वैद्यकीय तपासणी मागता येते हे सांगायचं.

आणखी दोन निर्देश मुद्दाम वेगळे काढतो. पहिला : कुणालाही अटक करून लॉकअपमध्ये आणलं की पोलिसांनी ताबडतोब जवळच्या कायदे मदत समितीला कळवायचं, समितीने सरकारी खर्चाने वकील पाठवायचा, आणि त्यासाठी लागणारा पैसा राज्य सरकारने द्यायचा. दुसरा : मुंबईत सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, लॉकअपना अधूनमधून न कळवता भेट द्यायची, जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम तिथल्या सत्र न्यायाधीशाचं. काही वावगं दिसलं तर पोलीस आयुक्त, मग गृह खातं, आणि तरीही हललं नाही तर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, अशी शिडीही आखून दिली.

कायद्यात काय उतरलं

हा निकाल महाराष्ट्रापुरता होता. तो देशाच्या कायद्यात जायला दोन तपं लागली, आणि मधला पूल पुन्हा एका पत्राचाच. ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या कायदे मदत सेवेचे कार्यकारी अध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना लिहिलं. त्याचा निकाल डिसेंबर १९९६ मध्ये आला आणि अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा गोष्टी ठरल्या : पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी वगैरे. २००५ च्या दुरुस्तीने संहितेत कलम ५०-अ आलं आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक झालं. त्याच दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागू झाली. त्यामागेही महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं : मुंबई उच्च न्यायालयाचा सरसकट मनाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सौम्य केला होता, आणि संसदेने मधली वाट काढली. पुढच्या दुरुस्तीने चौकशीच्या दरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ४१-ड मध्ये आला. तोही पूर्ण चौकशीभर नाही, अधूनमधून. १ जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गेलं : वकिलाची भेट कलम ३८, स्त्रीच्या अटकेची वेळ कलम ४३, नातेवाइकाला खबर कलम ४८, वैद्यकीय तपासणी कलम ५३.

पत्रकाची गोष्ट तर अजून चालूच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्या, आणि रिमांडसाठी कोर्टात उभं करण्याच्या निदान दोन तास आधी द्या. १९८३ च्या निकालात ‘कळेल त्या भाषेत’ होतंच. ४२ वर्षं गेली.

गळालं ते

आता यादी उलट्या बाजूने वाचा. अटक होताच कायदे मदत समितीला कळवण्याचं बंधन संहितेत कुठेही नाही. नातेवाइकाला कळवा, आहे. वकिलाला भेटता येईल, आहे. पण वकील कोण आणणार? ज्याच्याकडे वकिलाचा फोन नंबर आहे त्यालाच कलम ३८ चा उपयोग. नाक्यावरून उचललेल्या रोजंदारी मजुराला ‘तुमच्या पसंतीचा वकील’ हे शब्द ऐकायला बरे वाटतील, इतकंच.

कुणी म्हणेल की १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे ना! आहे. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, म्हणून तो दिवस आपण विधी सेवा दिन म्हणून पाळतो. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुणालाही आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. पण तो कायदा प्राधिकरणावर जबाबदारी टाकतो, पोलीस ठाण्यावर नाही. प्राधिकरणाला अटकेची खबरच नसेल तर ते वकील पाठवणार कसं?

मॅजिस्ट्रेटसमोरचा टप्पा तेवढा पक्का झाला आहे. २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा त्याला वकिलाचा हक्क सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर मॅजिस्ट्रेटवर खात्याची कारवाई होऊ शकते. रिमांड वकील आज जवळपास प्रत्येक फौजदारी कोर्टात असतो. त्याला बहुतेक वेळा आरोपीशी बोलायला कोर्टाच्या व्हरांड्यात चार मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, हे ठरतं. बर्सेंच्या पाच स्त्रियांना मारहाण झाली ती मात्र लॉकअपमध्ये, आणि तिथले पहिले २४ तास अजूनही आरोपीच्या ओळखीपाळखीवर सोडलेले आहेत.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडला मदत कशी पोहोचवायची याची चौकट काढली. चांगली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांसह सार्वजनिक जागी कायदे मदतीचा पत्ता आणि १५१०० या हेल्पलाइनचे फलक लावायला सांगितलं. तेही चांगलं. पण फलक वाचून फोन करायचा तो आरोपीने. त्याचा मोबाइल तर अटकेच्या वेळीच काढून घेतलेला असतो.

हे अशक्य आहे म्हणून झालं नाही, असंही म्हणता येत नाही. मुलांच्या बाबतीत झालं आहे. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत, कायद्याशी संघर्षात आलेलं मूल पोलिसांच्या ताब्यात आलं की पोलिसांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. १९८३ ची हरवलेली सूचना तिथे जशीच्या तशी सापडते. १८ वर्षांखालच्यासाठी जे ठाण्याला जमतं, ते १९ वर्षांच्या मुलीसाठी न जमायला कारण नाही.

सत्र न्यायाधीशांच्या न कळवता भेटींचंही तेच झालं. संहितेत त्यांना जागा मिळाली नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा तर दूरच. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन अजून नाही. २०१० चं विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, तो अहवालातच आहे.

बाहेरच्या माणसाचं पुढे काय झालं

ज्या परवानगीमुळे हे सारं सुरू झालं ती परवानगीही टिकली नाही. बर्सेंना पुढे पुन्हा महाराष्ट्रातल्या तुरुंगांत स्त्री कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. १९८६ मध्ये मुभा मिळाली. त्यांनी टेपरेकॉर्डर लावल्यावर ‘फक्त टिपणं घ्या’ असं सांगण्यात आलं, आणि नंतर परवानगीच मागे घेण्यात आली. त्या पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८७ च्या निकालात पत्रकाराला कैद्यांपर्यंत जाऊ द्यावं हे तत्त्व मान्य झालं, पण वाजवी निर्बंधांसह. निर्बंध ठरवणारे पुन्हा तुरुंगाचे अधिकारी.

तुरुंगातल्या मुलांविषयीच्या त्यांच्या याचिकेने आणखी मोठं काम केलं. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने म्हटलं की राज्याराज्यांत वेगवेगळे बाल कायदे असण्यापेक्षा केंद्राने एकच कायदा करावा, आणि त्याच वर्षअखेरीस बाल न्याय कायदा मंजूर झाला. पण प्रत्यक्ष मुलांच्या सुटकेची सुनावणी इतकी रेंगाळली की बर्सेंनी वैतागून याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयाने नकार दिला. जनहित याचिका कुणाची खासगी मालमत्ता नसते, असा त्यामागचा विचार. बर्सेंचं नाव वगळलं आणि त्यांच्या जागी सर्वोच्च न्यायालयाची कायदे मदत समितीच अर्जदार म्हणून उभी केली. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत होतं. पण तुरुंगात जाऊन बोलणारी बाई बाहेर गेली आणि न्यायव्यवस्थेतलीच समिती तिच्या जागी आली, याने काहीच फरक पडला नसेल हे मला पटत नाही.

आज मागायचं झालं तर

संघटना आणि वकील मंडळी सरकारकडे निवेदनं देतात त्यात ‘कायदे मदत सक्षम करा’ असं वाक्य हमखास असतं. त्यावर मंत्री ‘हो’ म्हणतात आणि काही बदलत नाही. १९८३ च्या मागण्यांसारखी मागणी केली तर ती एवढीच होईल : अटकेच्या फॉर्ममध्ये आणखी एक रकाना. ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवल्याची वेळ, आणि फोन घेणाऱ्याचं नाव.’ त्याची नोंद स्टेशन डायरीत. मॅजिस्ट्रेटने रिमांडच्या वेळी नातेवाइकाला कळवल्याची नोंद बघतात तसाच हा रकाना बघायचा, आणि कोरा दिसला तर ठाणे अंमलदाराला विचारायचं.

याला संसदेची वाट पाहावी लागत नाही. गृह विभागाचं परिपत्रक आणि पोलीस महासंचालकांचा आदेश पुरेल. कायमचं करायचं तर फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे; राज्याचं विधिमंडळ दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेऊ शकतं. प्रत्येक अटकेला वकील कुठून आणायचा, हा आक्षेप १९८३ मध्ये खरा होता. आता जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ मानधनावरच्या विधी सेवा बचाव वकिलांची यंत्रणा २०२२ पासून उभी राहिली आहे. ती मुख्यतः कोर्टातल्या खटल्यांत गुंतलेली असते. तिच्यातला एक माणूस रात्रपाळीच्या फोनवर ठेवायचा, आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत दाखवायचा.

पोलिसांचा खरा आक्षेप मनुष्यबळाचा नसतो. वकील आला की तपास बिघडतो, असं त्यांना वाटतं आणि ते उघड बोलतातही. त्याला उत्तर कलम ३८ मध्येच आहे : वकील चौकशीभर बसणार नाही, भेटून जाणार आहे. त्या भेटीत त्याने बघायचं ते एवढंच, की माणूस स्वतःच्या पायांवर उभा आहे का.